बाबांच्या फील्डबुकातली सोनचिरैया

गेल्या हिवाळ्यात आमच्या लष्करातल्या घरी एक पेंग्विन येऊन राहिला होता. चांगला महिनाभर. जेवणाच्या टेबलावर, फ्रिजच्या दारावर, माझ्या किराण्याच्या यादीच्या पाठीमागे, जिकडे पाहावं तिकडे त्याचीच चित्रं. आठवीतल्या लेकीला शाळेने प्रकल्प दिला होता: एक पक्षी निवडा, त्याचं रूप लिहा, वर्गीकरण लिहा, चित्र काढा. वर्गातल्या निम्म्या मुलांनी मोर घेतला. हिने रॉकहॉपर पेंग्विन घेतला.

त्याचं मूळ मुंबईत. मामाकडे गेलो होतो तेव्हा राणीच्या बागेत तिने पेंग्विन पाहिले होते. ते हम्बोल्ट जातीचे, 2016 साली दक्षिण कोरियातून आणलेले. छातीवर काळी पट्टी, डोकं अगदी साधं. काचेला नाक लावून ती अर्धा तास उभी होती, पण बाहेर आल्यावर म्हणाली, "यांना शेंडी का नाही?" तिने कुठल्याशा सिनेमात शेंडीवाले पाहिले होते. तेव्हापासून डोक्यात रॉकहॉपर.

पक्षी आहेही मजेशीर. जेमतेम दीड फूट उंची, लाल डोळे, पिवळ्या भुवया आणि त्या भुवयांच्या टोकाला मागे फिस्कारलेली पिवळी-काळी पिसं. नुकताच कुणाशी तरी भांडून आलाय आणि पुन्हा भांडायला निघालाय, असा चेहरा. इतर पेंग्विनसारखा डुलत चालण्यापेक्षा दोन्ही पाय जोडून खडकावरून खडकावर उड्या मारतो, म्हणून नाव रॉकहॉपर. शेंडीवाले सगळे पेंग्विन एकाच प्रजातीतले, यूडिप्टिस. त्यांच्यातल्या मॅकरोनी पेंग्विनचं नाव आपल्या खायच्या मॅकरोनीवरून सरळ आलेलं नाही. अठराव्या शतकात इटलीची वारी करून आलेल्या इंग्लंडमधल्या छैलछबील्या तरुणांना मॅकरोनी म्हणत, त्यांच्या थाटमाटावरून या तुरेवाल्याला ते नाव पडलं. हे वाचून लेक इतकी हसली की तिने माझ्या भावाला फोनवर मॅकरोनी मामा म्हणायला सुरुवात केली. तो केसांना जेल लावतो.

वर्गीकरणाशी आल्यावर मात्र तिची चिडचिड सुरू झाली. एका पुस्तकात रॉकहॉपर ही एकच जात, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. उत्तरेकडच्या बेटांवरच्यांची शेंडी जास्त लांब, हाकही वेगळी, म्हणून ते वेगळे काढले. मॅकरोनी आणि रॉयल पेंग्विन यांचं तर अजून भिजत घोंगडं आहे. एकाचा चेहरा काळा, दुसऱ्याचा पांढरा. बाकी सगळं जवळजवळ सारखं. जाती दोन की एक, यावर पंडितांचं एकमत नाही. "मग मी काय लिहू?" असं ती विचारत होती, जणू निकाल माझ्या हातात होता.

त्यात आमच्या घरचा एक खास घोटाळा. तिच्या शाळेच्या हिंदी पुस्तकात 'प्रजाति' म्हणजे स्पीशीज. मराठी पुस्तकांत 'प्रजाती' म्हणजे जीनस, आणि स्पीशीजला 'जाती'. पुण्याहून मागवलेलं मराठी पक्ष्यांचं पुस्तक आणि शाळेचं हिंदी पुस्तक शेजारी ठेवून ती बसायची आणि वैतागायची. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत वाढलेल्यांना हे नवीन नाही. शब्द तोच, अर्थ नदीपलीकडे वेगळा.

एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता मी म्हटलं, "शेंडीवालाच पक्षी हवा होता, तर आपल्या जिल्ह्यातला का नाही घेतलास?"

"कोणता? मोर सगळ्यांनीच घेतलाय."

"मोर नव्हे. सोनचिरैया. आजोबांनी पाहिली होती ती."

ती चित्रातून मान वर न करता म्हणाली, "आता कुठे आहे ती?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी पालक धुवायला गेले.

सोनचिरैया म्हणजे माळढोक, हे तुमच्यातल्या महाराष्ट्रात राहणाऱ्यांना ठाऊक असेल. मला स्वतःला ते दहाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. आत्याच्या मुलीच्या लग्नाला सोलापूरला गेलो होतो, तिथे एका आतेभावाने ऐट मारली की आमच्या नान्नजला माळढोक आहेत, जगात दुसरीकडे क्वचितच. मी म्हटलं, आमच्याकडे सोनचिरैया आहे, ती तुमच्या माळढोकपेक्षा मोठी. दोघांचं भांडण इतकं पेटलं की जेवणाच्या पंक्तीत बाबांना मध्ये पडावं लागलं. "अरे, एकच पक्षी आहे तो," बाबा म्हणाले. आम्ही दोघंही हिरमुसलो. भांडायला काही उरलंच नाही.

नावं तरी किती. राजस्थानात गोडावण. आपल्याकडे माळढोक, आणि नर घुमतो त्या आवाजावरून हूम. 'ढोक' हा शब्द बगळ्याच्या गोतातला. ढोकरी तुम्ही तळ्याकाठी पाहिली असेल. म्हणजे माळावरचा बगळा. आता गंमत पाहा: शास्त्रीय नाव आर्डिओटिस नायग्रिसेप्स. त्यातला 'आर्डिया' म्हणजे बगळा आणि 'ओटिस' म्हणजे हे माळढोकाचं कुळ. नायग्रिसेप्स म्हणजे काळ्या डोक्याचा. लॅटिनवाल्यांना आणि आपल्या गुराख्यांना लांब मानेचा हा पक्षी पाहून बगळाच आठवला, हे मला फार आवडतं. बगळ्याशी त्याचं नातं मात्र काहीच नाही.

पहिलं शास्त्रीय वर्णन 1831 साली व्हिगर्स नावाच्या आयरिश माणसाने केलं. त्याच सुमारास जॉन गूल्डने हिमालयातल्या पक्ष्यांचं एक देखणं पुस्तक काढलं, त्यात याचं चित्र आहे. मोकळ्या माळरानाचा, सपाट भूमीचा पक्षी, आणि पहिलं मोठं चित्र हिमालयाच्या पुस्तकात! लंडनमध्ये बसून कातडी पाहणाऱ्यांना काय कळणार कुठला माळ आणि कुठला डोंगर.

गणाचीही तीच कथा. कितीतरी वर्षं या कुळाला क्रौंच, पाणकोंबड्या यांच्या गणात बसवलं होतं. लांब पाय, लांब मान, जमिनीवर चालणं, बसवलं एका पंगतीत. पुढे जनुकं तपासली तेव्हा दिसलं की दिसतं तसं नाही. आता माळढोकांचा गणच वेगळा मानतात, ऑटिडिफॉर्मिस, आणि काही मोठ्या अभ्यासांत त्यांचे जवळचे नातेवाईक निघाले आहेत चक्क कोकिळा! एक दुसऱ्याच्या घरट्यात अंडं टाकून मोकळी होते, दुसरी उघड्या जमिनीवर वर्षाकाठी बहुधा एकच अंडं घालते आणि त्यावर एकटी बसून राहते. यूडिप्टिस पेंग्विनांचं तर तिसरंच: ते दोन अंडी घालतात, पहिलं लहान, आणि ते बहुतेक वेळा टिकतच नाही. लेकीच्या वहीत या तिन्ही गोष्टी एकाखाली एक लिहिल्या गेल्या, कारण तोवर पेंग्विनच्या पानांत सोनचिरैया शिरली होती.

शिरली ती बाबांमुळे.

बाबा सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. रस्ते, पुलिया, डाकबंगल्यांची डागडुजी. महिन्यातले पंधरा दिवस शिवपुरी, मोहना, करेरा असे दौरे. परत आले की झोळीत गजक आणि एखादी गोष्ट. त्यांतली सगळ्यांत लाडकी गोष्ट सोनचिरैयाची. गणपतीत आरतीनंतर पाहुणे बसले की कुणीतरी म्हणायचंच, "काका, ती चिरैयाची सांगा." मग बाबा उभे राहायचे. घाटीगावच्या पुढचा माळ. पहाटेची वेळ. आणि समोर चार फूट उंच नर! छातीवर काळा पट्टा, जणू जानवं उलटं घातलंय. डोक्यावरची काळी शेंडी फुगवलेली. गळ्याची पिशवी फुगून जमिनीपर्यंत लोंबलेली, शेपूट पाठीवर उलटी, आणि मग तो आवाज. इथे बाबा दोन्ही हात तोंडाशी धरून "हूऽऽम" करायचे आणि लहान मुलं आईच्या पदरात शिरायची. दरवर्षी पक्षी इंचभर वाढत असे, असं आई म्हणायची. आम्ही हसायचो, पण मनातून मानत होतो.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची फील्डबुकं मी टाकली नव्हती. ती पिवळट पानांची, लाल-निळ्या रेघांची, कडेला लेव्हलिंगचे आकडे भरलेली पुस्तकं. आकड्यांच्या मधल्या पानांवर ते कधीकधी काहीबाही लिहीत: कुणाच्या दुकानातला चहा चांगला, कुणाकडे किती उधारी, कुठल्या गावात साप निघाला. लेकीला म्हटलं, आजोबांची नोंद सापडली तर प्रकल्पाला लावू. दोघी ट्रंक उघडून बसलो. तिसऱ्या दिवशी सापडली. 14 मार्च 1984.

बाबांचं अक्षर बारीक, सरळ. लिहिलं होतं ते असं. घाटीगावच्या पुढे पुलियाचं काम. सकाळी सात वीस. उजव्या हाताला मोकळ्या जागेत एक मोठा पक्षी. मान लांब, मळकट पांढरी. माथा काळा, मागे थोडी शेंडी. पाठ मातकट. छातीवर पट्टा नाही, किंवा दिसला नाही. घाई न करता चालत दूर गेला. मग उडाला, फार वर नाही. पंखांवर पांढरे ठिपके. आवाज नाही. चौकीदार म्हणतो सोनचिरैया. आणि शेवटी: नर? मादी?

लेकीने दोनदा वाचलं. मग तिने ते विचारलं ज्याची मला भीती वाटत होती.

"म्हणजे आजोबा खोटं सांगायचे?"

मी काय म्हणणार? कागदावर पट्टा नव्हता, फुगलेला गळा नव्हता, आवाज नव्हता. चार फूट नव्हते. ज्या गोष्टीवर आमचं अर्धं बालपण पोसलं, तिच्यातली निम्मी सामग्री त्या पानावर नव्हती. खरं सांगते, मला राग आला. बाबांचा नव्हे, त्या पानाचा. उगाच सापडलं असं वाटलं.

आणि ती तेवढ्यावर थांबली नाही. आठवीतली मुलं थांबत नाहीत. रॉकहॉपरच्या शेंडीची लांबी मोजून मोजून तिला एक खोड लागली होती: दिसलं ते आधी तपासायचं. ती म्हणाली, "मोरनी असेल. मोरनीलाही शेंडी असते. मानेखाली पांढरटही असतं. ग्वाल्हेरच्या रस्त्याला मोरनी शंभर ठिकाणी दिसतात." (मराठीत लांडोर म्हणतात हे तिला मी शंभरदा सांगितलंय. पण आमच्याकडे मोरनीच.)

मग तीन संध्याकाळी आमच्या टेबलावर एक प्रकारची कोर्टकचेरी चालली. सारस? नाही, त्याचं डोकं लाल, शेंडी नाही, आणि उंची अशी की बाबांनी ती आधी लिहिली असती. तणमोर? त्याच्या नराला डोक्यामागे सुंदर वळलेल्या पिसांच्या शेपट्या असतात, पण तो कोंबडीएवढा. बाबांनी 'मोठा' लिहिलंय, आणि जमीन मोजणारा माणूस कोंबडीला मोठा म्हणणार नाही. उरली मोरनी. तिची शेंडी पंख्यासारखी उभी, तांबूस. मानेवर हिरवी झाक. बाबांनी काळा माथा लिहिला, हिरवं कुठेच नाही. सोनचिरैयाच्या मादीलाही काळी टोपी असते. ती नरापेक्षा बरीच लहान असते: मोठा नर बारा-चौदा किलोपर्यंत जातो, मादी त्याच्या निम्म्यावरच. आणि छातीवरचा पट्टा मादीला नसतो, किंवा असलाच तर तुटक, पुसट. पंखांवरचे पांढरे ठिपके दोघांनाही.

"जमतंय," लेक म्हणाली, "पण सकाळी सात वीसला, लांबून, चष्म्याशिवाय..."

आजोबांना चष्मा होता, मी म्हटलं. पण तिचं बरोबर होतं. अंदाज होता, पुरावा नव्हता.

पुरावा पान उलटल्यावर मिळाला. आम्ही दोघींनी ते पान पाहिलंच नव्हतं, कारण ते पुढच्या पानाला चिकटलेलं होतं, बहुधा सांडलेल्या चहाने. वाफेवर धरून सोडवलं. त्यावर पेन्सिलीने काढलेला एक ठसा. शेजारी काडेपेटी, मापासाठी. ओव्हरसियरच ते, स्केल दिल्याशिवाय चित्र काढलं असतं तर खात्याने पगार कापला असता. ठसा काडेपेटीपेक्षा जरा मोठा, तीन बोटांचा, बोटं आखूड आणि जाड. खाली लिहिलेलं: धुळीत स्पष्ट. मागचं बोट नाही.

लेक काही क्षण बोललीच नाही. मग तिने पुस्तक ओढलं. झाडावर बसणाऱ्या पक्ष्यांना मागे एक बोट असतं, फांदी पकडायला. मोरनी रात्री झाडावर झोपते, तिला ते आहे. माळढोकांच्या अख्ख्या कुळाला ते नाही. तीन बोटं, तिन्ही पुढे. म्हणूनच हा पक्षी झाडावर बसत नाही, जन्मभर जमिनीवर. बाबांना हे माहीत असणं शक्य नव्हतं. त्या काळी आमच्याकडे पक्ष्यांचं एकही पुस्तक नव्हतं. त्यांनी फक्त दिसलं ते काढलं.

"मादी," लेक म्हणाली. "आजोबांनी मादी पाहिली." मग जरा थांबून, "मग नर का सांगायचे?"

मला वाटतं, नर त्यांना नंतर भेटला. पुस्तकांत, पाट्यांवर, दिनदर्शिकांवर सगळीकडे पट्टेवाला, शेंडी फुगवलेला नरच असतो. दरवर्षी गोष्ट सांगताना डोळ्यांपुढे आलेलं आणि पाहिलेलं एकमेकांत मिसळत गेलं असेल. माझंही होतं. मला आजोळच्या विहिरीवरचा रहाट आठवतो आणि आई म्हणते तिथे रहाट नव्हताच. पण लेकीला हे पटलं असं नाही. तिने एवढंच म्हटलं, "मादीची गोष्ट जास्त चांगली होती." कशी, ते तिने सांगितलं नाही.

मग प्रकल्प बदलला. पेंग्विन गेला, चिरैया आली. आणि इथे मला तिला बाकीचंही सांगावं लागलं, जे आजोबांच्या गोष्टीत कधीच नसायचं.

हा पक्षी एके काळी दख्खनपासून पंजाबापर्यंत होता. बाबराने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की इतर पक्ष्यांचं कुठे तंगडीचं मांस चांगलं, कुठे छातीचं. याचं मात्र सगळंच चविष्ट. हाच बाबर 1528 साली ग्वाल्हेरचा किल्ला पाहायला आला होता, तेव्हा त्याच्या पानात काय होतं देव जाणे. कर्नल साइक्सने दख्खनच्या पक्ष्यांबद्दल लिहिताना एका साहेबाने हजारेक माळढोक मारल्याचं नमूद केलंय. एक अंडं वर्षाला, आणि हजार एका बंदुकीला. हिशेब कुणीही करावा.

1980 साली जयपूरला या पक्ष्यावर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला, टपाल खात्याने तिकीट काढलं. त्याच्या पाठोपाठ आमच्याकडे दोन अभयारण्यं झाली: शिवपुरी जिल्ह्यात करेरा, 202 चौरस किलोमीटर, आणि ग्वाल्हेर जिल्ह्यात घाटीगाव, 512 चौरस किलोमीटर. महाराष्ट्रात नान्नजचं त्याआधीच, 1979 साली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी करेऱ्याला राहून वर्षानुवर्षं या पक्ष्याचा अभ्यास करत होते. सुरुवातीला संरक्षण मिळाल्यावर पक्षी वाढलेही.

मग बिनसलं. करेऱ्याचं अभयारण्य म्हणजे जंगल नव्हे. त्यात गावं होती, शेतं होती. अभयारण्य झालं तसे जमिनीच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध आले. मुलीच्या लग्नाला शेत विकायचं तर विकता येईना. संरक्षणामुळे काळवीट वाढले आणि उभ्या पिकांत घुसू लागले. शेतकऱ्याला वाटायला लागलं, हे सगळं त्या एका चिरैयापायी. ज्या लोकांनी शेकडो वर्षं तिला आपल्या शेतात अंडं घालू दिलं होतं, त्यांच्याच मनातून ती उतरली. 1990च्या दशकात करेऱ्यात ती दिसेनाशी झाली. अलीकडे तर करेऱ्याचा अभयारण्याचा दर्जाही काढून घेतला. नान्नजचं क्षेत्र कागदावर 8,496 चौरस किलोमीटर होतं, अख्खी गावंच्या गावं आत. ते नंतर 1,222वर आणलं. आतेभावाला परवा फोन केला तेव्हा तो म्हणाला, "आता तुमची मोठी की आमची, भांडायलाही पक्षी उरले नाहीत गं."

देशभरात आता दीडशेच्या आत, बहुतेक जैसलमेरच्या बाजूला. तिथे विजेच्या तारांचं संकट. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, खाली जमिनीकडे बघत उडायची सवय; समोरची तार उशिरा दिसते आणि अंगाचं वजन असं की झटकन वळता येत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिकडेच प्रजनन केंद्रंही आहेत, आणि 2024च्या ऑक्टोबरात कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. लेकीने ती बातमी कापून वहीत लावली.

जानेवारीत एका रविवारी आम्ही तिघं घाटीगावला गेलो. ग्वाल्हेरहून आग्रा-मुंबई रस्त्याने शिवपुरीकडे, तासाभराचं अंतर. करधई आणि खैराची खुरटी झाडं, मध्ये मोकळे खडकाळ तुकडे, काही ठिकाणी फरशीचा दगड काढून पडलेले खड्डे. सोनचिरैया दिसेल अशी आशा नव्हतीच. ती इथून केव्हाच गेली आहे. तरी लेकीने दुर्बीण घेतली होती.

अभयारण्याची पाटी आहे. तिच्यावर चिरैया, रंग उडालेली. नरच, काळ्या पट्ट्याचा. टपरीवाल्याला विचारलं तर तो पाटीकडे हनुवटी करून म्हणाला, "बस, यही है।" त्याने म्हणे कधी पाहिली नाही, पण त्याच्या वडिलांनी पाहिली होती. "बहुत बड़ी थी," तो म्हणाला, आणि हात छातीपर्यंत नेला. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी चहा घेतला.

बाबांच्या नोंदीतली पुलिया आम्हाला सापडली की नाही, सांगता येत नाही. तशा तीन दिसल्या. त्यांतल्या एकीच्या उजवीकडे मोकळं होतं, म्हणून आम्ही तीच धरली. दोन तास हिंडलो. चंडोल दिसले, टिटव्या ओरडत डोक्यावरून गेल्या, लांब एका बांधावर चार मोरनी चालत होत्या. त्या गेल्यावर लेक तिकडे धावली आणि गुडघ्यांवर बसली. मी जवळ गेले तेव्हा तिने पर्समधून बाबांचं फील्डबुक काढलेलं होतं. ते तिने बरोबर आणलंय हे मला माहीतही नव्हतं. 14 मार्च 1984च्या पुढचं पान कोरं होतं. त्यावर तारीख टाकून ती धुळीतला ठसा काढत होती. काडेपेटी नव्हती, म्हणून शेजारी दहाचं नाणं ठेवलं होतं आणि त्याचा गोलही काढला होता. तीन बोटं पुढे. मागे एक छोटा ठिपका.

"मोरनी," तिने खाली लिहिलं. मग मला विचारलं, "लांडोर लिहू का?"